न चावलेला घास

१

कासियन ट्रोगरने दुर्बीण निवडायला अख्खी दुपार घेतली आणि दुकानदाराचा जीव मेटाकुटीला आणला.

ऑस्ट्रियातल्या लिएंझ गावच्या चौकातलं दुकान. काचेच्या फळीवर दुर्बिणी ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यामागे गुळगुळीत दाढी केलेला, शहरी वळणाचा दुकानदार.

"दहापट मोठं दाखवणारी न्या," तो म्हणाला. "हल्ली सगळे शिकारी तीच नेतात."

"सगळे शिकारी गाढव आहेत," कासियन म्हणाला. "दहापटीत जनावर दहापट दिसतं, तशी हाताची थरथरही दहापट दिसते. आठपटीची काढा. पुढची भिंगं रुंद हवीत. मला भरदुपारी नाही बघायचं. भरदुपारी जनावर झोपतं आणि शहरातून आलेले शिकारी स्वतःचे फोटो काढतात."

त्याने एकेक दुर्बीण हातभर लांब धरली आणि मागच्या भिंगांतले उजेडाचे ठिपके तपासले. एकीचे ठिपके किंचित अंड्यासारखे लांबट निघाले, ती बाद. मग दारात उभं राहून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी पाहिली, मधोमध नव्हे, वर्तुळाच्या कडेला. कडेची अक्षरं फिसकटली ती बाद. मग खिशातून लोकरीचा हातमोजा काढून चढवला आणि चाक फिरवून बघितलं. उरल्या दोन.

"आता अंधार पडेपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

"आम्ही सहाला बंद करतो, ट्रोगरसाहेब."

"मग आज साडेसातला करा. दिवसाउजेडी सगळ्याच दुर्बिणी साव असतात."

दुकानदार थांबला. संध्याकाळ उतरली, चौकातले रंग विझले, आणि कासियनने चर्चच्या वळचणीखालच्या काळोखात दुर्बीण लावली. पहिलीत काळोखच दिसला. दुसरीत वासे दिसले, वाशावरचं कबुतर दिसलं, कबुतराच्या पायातली कडी दिसली.

"किंमत सांगू का?"

"पाकिटात बसेल तेवढी सांगा, बाकीची बँकेला सांगा. जमीन घेतो तशी घेतोय मी ही. एकदाच. माझ्यानंतर मुलीची, तिच्यानंतर तिच्या पोरांची."

गळ्यात ती घालून तो चौकातून चालला तेव्हा त्याची छाती नेहमीपेक्षा चार बोटं पुढे होती. सहासष्टाव्या वर्षी छाती पुढे काढायला माणसाला कारण लागतं. त्याला ते मिळालं होतं.

२

खरं कारण मार्चमध्ये घडलं होतं.

दर मार्चमध्ये खोऱ्यातल्या खाणावळीच्या मोठ्या दालनात वर्षभरातल्या सगळ्या शिकारींची शिंगं भिंतीवर लागतात. सगळ्यांची. लपवायची सोय नाही. मग समिती येते आणि प्रत्येक शिंगाखाली टिकली चिकटवते. म्हातारं, आजारी किंवा ठरवून दिलेल्या वयाचं जनावर मारलं असेल तर हिरवी. भर तारुण्यातला नर किंवा पाडसाची आई मारली असेल तर लाल. लाल टिकलीला दंड फारसा नाही. पण ती टिकली माणूस मरेपर्यंत त्याच्या नावाला चिकटून राहते. बाजारात, चर्चमध्ये, अंत्ययात्रेतसुद्धा लोक हळूच म्हणतात, "हा त्या लाल टिकलीचा."

कासियनच्या शिंगांखाली आयुष्यात लाल टिकली लागली नव्हती. त्या खोऱ्यात असं दुसऱ्या कुणाबद्दल म्हणता येत नव्हतं, आणि हे तो सांगायला विसरत नसे.

तर मार्चमध्ये समितीतला एक कोवळा पदाधिकारी, जो वर्षातले अकरा महिने कार्यालयात खुर्ची उबवतो, कासियनच्या नव्या शिंगांसमोर रेंगाळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ट्रोगरकाका, हा जरा तरुण वाटतोय. नजर कमी झाली की काय?"

मग शिंगांवरची वळी, वर्षाला एक पडणारी, मोजली गेली. कासियन बरोबर निघाला, पण एका वळ्याने. हिरवी टिकली लागली. तो पोरगा "सॉरी" म्हणाला आणि हसला. ते हसणं कासियन घरी घेऊन आला आणि सहा महिने त्याच्याबरोबर जेवला.

आणि या सप्टेंबरात आफ्राची पहिली शिकार होती.

आफ्रा ही त्याची एकुलती एक मुलगी, इन्सब्रुकमध्ये दातांची डॉक्टर. चौतिसाव्या वर्षी तिने शिकारीची परीक्षा दिली होती, बापाला न सांगता, आणि पास झाल्यावर कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला होता. कासियनने तो वाचला, नाक शिंकरलं, आणि बराच वेळ शिंकरत राहिला. आता ती पहिला गाम्स मारणार होती. गाम्स म्हणजे कड्यांवरची रानबकरी, मागे आकड्यासारखी वळलेली शिंगं असलेली. पण नवख्याने आपल्या मनाने गोळी घालायची नसते. शेजारी जाणता बसतो, दुर्बिणीतून जनावर वाचतो, वय सांगतो, नर की मादी ते सांगतो, आणि "हो" म्हणतो. मगच चाप ओढायचा. म्हणजे बंदूक मुलीची, बोट मुलीचं, पण शब्द बापाचा. शब्द चुकला तर लाल टिकली मुलीच्या पहिल्या शिंगाखाली.

म्हणून दुर्बीण.

३

ट्रोगरांचं घर खोऱ्यात सगळ्यांत वर. घरामागे बाक, बाकासमोर दरी, दरीत ओढ्याचा आवाज, आणि दरीपलीकडे लाल कडा. कड्याच्या कमरेला गवताची एक अरुंद पट्टी आहे. संध्याकाळी गाम्स तिथे चरायला येतात. गेली चाळीस वर्षं जेवणाआधी कासियन त्या बाकावर बसून ती पट्टी बघत आला होता.

त्या दिवशी बुर्गी, त्याची बायको, हात पुसत दारात आली.

"लग्नाआधी माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतंस."

"तेव्हा दुर्बीण जुनी होती."

"आणि आता मी. क्नोडेलचे गोळे गार होतायत."

"येतो."

त्याने चाक फिरवलं. पट्टी जवळ आली, अशी की गवताचं पातं न् पातं वेगळं. एक नर उभा होता. एकटाच. म्हातारा, गालावरचे पट्टे फिकटलेले, पाठ मधोमध खचलेली. कासियन मनात म्हणाला, बारा वर्षांचा, जास्तच. मग त्याची नजर तोंडाकडे गेली.

नराच्या तोंडात डहाळी होती. स्प्रूसची, नाताळात सजवतात त्या झाडाची, आडवी धरलेली, दोन्ही बाजूंनी हिरव्या सुया बाहेर आलेल्या.

गाम्स डहाळ्या खातात. त्यात नवल नाही. पण स्प्रूस खाली ओढ्याकाठी वाढतो. त्या पट्टीवर गवताखेरीज काही उगवत नाही. आणि हा खात नव्हता. जबडा हलत नव्हता. डहाळी नुसती तोंडात होती, कुणी ठेवल्यासारखी.

कुणी ठेवल्यासारखी, हा शब्द मनात आला तसा कासियनने झटकला. कारण तो शब्द शिकाऱ्यांचा होता. जनावर पडलं की त्याला उजव्या कुशीवर निजवायचं, टोपी काढायची, एक हिरवी डहाळी मोडून त्याच्या तोंडात आडवी ठेवायची. याला शेवटचा घास म्हणतात. जीव घेतला तर निदान उपाशी पाठवू नये. कासियनने हा घास कधी चुकवला नव्हता. बर्फात, पावसात, एकदा तर पाय मुरगळलेला असताना तो झाडापर्यंत सरपटत जाऊन डहाळी घेऊन आला होता. आधी फोटो काढून मग घास देणाऱ्यांना तो तोंडावर शिव्या घालायचा.

त्याने जुनी दुर्बीण मागवली. बुर्गीने ती कुरकुरत आणून दिली. जुनीत पट्टी रिकामी होती. नवीत नर उभा होता आणि सरळ बाकाकडे बघत होता.

कासियन क्षणभर घाबरला. आणि मग, त्याच्या स्वभावाला धरून, खूश झाला. जुनीत दिसत नव्हतं म्हणून तर नवी घेतली! पैसे वसूल झाले म्हणायचे.

"क्नोडेल!" बुर्गी आतून ओरडली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीतून बुर्गीचा आवाज आला.

"कासियन! नाताळ झाला का रे? मला कुणी सांगितलं नाही ते?"

तो गेला. ती केरसुणी घेऊन उभी होती. लांबच्या भिंतीवर त्याची सगळी शिंगं, पांढऱ्या कवट्यांसकट, लाकडी फळ्यांवर ओळीने लावलेली. त्यांच्याखाली जमिनीवर स्प्रूसच्या सुया पडल्या होत्या. हिरव्या, ताज्या. एका ठिकाणी नाही, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बूट झटकून आत यावं माणसानं," ती म्हणाली.

"मी इकडे आलोच नाही."

"मग मी आले असेन. जंगलात जाऊन, डहाळ्या अंगाला चोळून."

तिने झाडून काढल्या. कासियन तिथेच उभा राहिला. खोलीत घड्याळ चालत होतं, चुलीत लाकूड चरचरत होतं, सगळं रोजचं. फक्त वास वेगळा होता. कापलेल्या झाडाचा ओला वास. त्याची स्वतःची लाकूड कापायची गिरणी होती, तेव्हा कपड्यांतून वास आला असेल. असंच असणार. माणसाला बुद्धी दिलेली असते ती अशा वेळी वापरायला.

त्या संध्याकाळी पट्टीवर ते बरेच होते.

चरत नव्हते. एका रांगेत उभे होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकाच्या तोंडात हिरवी डहाळी. उजव्या कुशीची लव चप्प बसलेली, तिला माती आणि गवत चिकटलेलं, जसं बराच वेळ त्या कुशीवर पडून उठल्यावर चिकटतं. शिकार संपल्यावर जनावरं मांडून ठेवतात ती अशीच, रांगेत. फक्त ती निजलेली असतात.

तिसरा नर कासियनने ओळखला. डाव्या शिंगाचा आकडा मोडलेला. आफ्रा शाळेत जायला लागली त्या वर्षीचा. ती शिंगं आत्ता, त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे खिळ्याला टांगलेली होती.

तो उठून आत गेला. खिळ्याला होती. मोडका आकडा, पांढरी कवटी, खाली त्याच्याच अक्षरात वर्ष. त्याने कवटीच्या दातांवर बोट फिरवलं. बोटाला डिंक लागला.

परत आला. पुन्हा दुर्बीण लावली. भीती होती, खोटं कशाला बोला, पण भीतीखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मोठी होती. त्याने रांग वाचली. एकेक जनावर वाचलं. म्हातारा. म्हातारी, दूध आटलेली. लंगडा. म्हातारा. एकही तरुण नर नाही, एकही लेकुरवाळी नाही. चाळीस वर्षांत एक चूक नाही! त्या कार्यालयातल्या पोराला इथे आणून बसवायला हवं होतं.

रांगेच्या वरच्या टोकाला जागा मोकळी होती. मोठ्या जनावरासाठी ठेवतात तशी.

५

रोमेड हा कासियनचा शेजारी. तीस वर्षं टपालाची बस चालवून निवृत्त झालेला, आणि शिकारीत त्याचा जुना स्पर्धक. त्याच्या नावावर एक लाल टिकली होती आणि ती कासियनने त्याला कधी विसरू दिली नव्हती.

"ही का ती सासूच्या भावाची दुर्बीण?" रोमेड बाकावर टेकत म्हणाला.

"सासूच्या भावाची?"

"एवढी महाग वस्तू माणूस वारसा मिळाल्यावरच घेतो."

"बघ आणि जळ."

"डोळे तुझे म्हातारे, आणि चष्मा दरीला घातलास." रोमेडने हसतच दुर्बीण लावली. कासियनने श्नाप्स दारूचे दोन पेले भरले. ओढ्याचा आवाज येत होता. तो नेहमीच येतो, पण त्या वेळी तो फार स्पष्ट ऐकू येऊ लागला, कारण रोमेड बोलायचा थांबला होता.

मग त्याचा डावा हात सावकाश वर गेला आणि त्याने टोपी काढली.

"टोपी का काढलीस?" कासियनने विचारलं.

"काढली?" रोमेडने हातातल्या टोपीकडे पाहिलं. "गरम होतंय."

दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"काय दिसलं?"

"चांगली आहे," रोमेड म्हणाला. दुर्बीण त्याने बाकावर दोन्ही हातांनी ठेवली, भरलेलं भांडं ठेवावं तशी. "फार चांगली आहे. परत कर."

"जळतोस."

"जळतो, कबूल. परत कर. आणि या वर्षी आफ्राला नको नेऊस."

"का? कारण सांग. बापाला कारण लागतं."

रोमेड उठला. "तुला कधी कुणाचं ऐकून माहीत आहे का?" एवढंच म्हणाला आणि उतारावरून निघाला. टोपी हातातच होती. पेला भरलेला तसाच राहिला. तीस वर्षांत रोमेडने कासियनच्या घरचा पेला कधी भरलेला सोडला नव्हता.

ज्याच्या नावावर लाल टिकली आहे त्याचा सल्ला घ्यायचा की नाही, यावर कासियनला फार विचार करावा लागला नाही.

६

आफ्रा शुक्रवारी आली. शनिवारी उजाडायच्या आधी दोघं ओढा ओलांडून वर चढू लागली. ओढ्याकाठच्या स्प्रूसची एक डहाळी कासियनने मोडून खिशात घातली.

"आधीच?" आफ्रा म्हणाली. "जनावर दिसायच्या आधी?"

"वर झाड नाही. नंतर खाली कोण येणार, तू?"

"बाबा, तुझा आत्मविश्वास बघून मला भीती वाटते. माझे पेशंट असे असतात. दात हलतोय, आणि म्हणतात, काही नाही, जुनाच आहे."

"माझे सगळे दात शाबूत आहेत."

"तीन मी बसवलेत."

तो हसला. फार दिवसांनी. मुलगी पुढे चालत होती, पावलं नीट टाकत होती, दगड गडगडू देत नव्हती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रक्तात होतं. कासियनचा ऊर भरून आला.

पट्टीच्या अलीकडे एका खडकाआड ती दोघं पालथी पडली. उजेड दुधासारखा वर येत होता. आफ्राने बंदूक खडकावर टेकवून स्थिर केली. कासियनने दुर्बीण उचलली, आणि आधी श्वास सोडला, कारण काय दिसेल ते त्याला ठाऊक होतं.

रांग नव्हती. पट्टीवर एकच नर होता. चरत होता. जबडा हलत होता, गवत तुटल्याचा बारीक आवाजही येत होता. तोंडात डहाळी नव्हती. कासियनने तीनदा पाहिलं. मग दुर्बीण खाली करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. होता. जिवंत, साधा, देवाने केलेला गाम्स.

"दिसतोय मला," आफ्रा कुजबुजली. "बाबा, सांग."

ही ती घटका. त्याने जनावर वाचलं. मान जाड, गालाचे पट्टे फिकट, पाठ खचलेली, पोटाखाली केसांचा झुपका म्हणजे नर. शिंगं कानांच्या खूप वर. शंका घ्यायला तिळभर जागा नव्हती. तरी त्याने चाक पुन्हा एकदा फिरवलं. "नको" म्हणालो तर? काय बिघडेल? घरी जाऊ, बुर्गीच्या हातचं खाऊ. पण मग मुलगी विचारेल, का नको, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा कासियन ट्रोगरला "माहीत नाही" म्हणावं लागेल.

"म्हातारा नर," तो म्हणाला. "वयात बसतो. हो."

गोळीचा आवाज कड्यावरून तीनदा परत आला. नर जागच्या जागी बसला, मग कलंडला.

"पडला," आफ्रा म्हणाली, आणि रडू लागली. पहिल्या वेळी सगळे रडतात. कासियनने तिच्या पाठीवर हात ठेवला. अंगात भीती नावाला उरली नव्हती. इतका अभिमान त्याला स्वतःच्या पहिल्या शिकारीचाही वाटला नव्हता.

७

नर उजव्या कुशीवर पडला होता, निजवल्यासारखा. दोघांनी टोप्या काढल्या. कासियनने शिंगांची वळी अंगठ्याने मोजली आणि त्याचा चेहरा उजळला.

"हिरवी टिकली, पोरी. आंधळ्यानेसुद्धा लावावी अशी."

मग त्याने खिशातली डहाळी काढली आणि वाकला.

"बाबा," आफ्रा म्हणाली. ती आधीच जनावराच्या डोक्याशी बसली होती. "त्याला दिलास ना घास. केव्हा दिलास?"

नराच्या तोंडात डहाळी होती. आडवी, हिरवी, दोन्ही बाजूंनी सुया बाहेर.

आफ्राने सवयीने बोटांनी ओठ मागे सारला. तोंडं तपासणं हा तिचा धंदाच. "गंमत आहे. चावलेली नाही. एका दाताची खूण नाही तिच्यावर. बाबा? तूच ठेवलीस ना?"

"मीच ठेवली," कासियन म्हणाला.

आयुष्यात तो मुलीशी फार थोड्या वेळा खोटं बोलला होता. जास्तीची डहाळी हातात घेऊन तो उभा राहिला. कुठे ठेवावी ते कळेना. वारा पडला होता. ओढा इतक्या वर ऐकू यायला नको होता, पण येत होता.

आफ्राने त्याच्या गळ्यातली दुर्बीण हलकेच काढून घेतली. "आता ही माझी ना? बघू दे तरी. आई उठली का बघते." तिने दरीपलीकडे घराकडे रोखली, चाक फिरवलं. "धूर निघतोय. उठलीय. अरे वा, काय दिसतंय बाबा, पडद्यावरची फुलं दिसतायत!" मग ती थांबली. "बाकावर कोण बसलंय?"

"रोमेड असेल."

"रोमेडकाका नाही. तुझी टोपी घातलीय."

कासियनची टोपी त्याच्या काखेत होती.

"दे," तो म्हणाला.

त्याने दुर्बीण घेतली. आठपट, रुंद भिंगाची, कडेपर्यंत स्वच्छ. तीन पिढ्या पुरेल अशी. घर आलं, धूर आला, बाक आला. बाकावर बसलेला माणूस सरळ कड्याकडेच बघत होता. कोटाची उजवी बाही चुरगळलेली, तिला माती आणि गवत चिकटलेलं. टोपीच्या कडेखाली तोंड होतं. त्या तोंडाकडे कासियनने फार वेळ पाहिलं नाही.

पण पाहिलं. आणि मग चाळीस वर्षांची सवय, तिला कोण काय करणार, त्याने वाचायला सुरुवात केली. गाल उतरलेले. मान वाकलेली. खांदे पडलेले. सहासष्ट, एक दिवस कमी नाही. कुणी मोजून बघावं. समिती बसवावी, तो कार्यालयातला पोरगा आणावा. या जनावरावर लाल टिकली लावायची कुणाची छाती नव्हती. भीती होती, आणि तरीही त्याची मान ताठ होती, दोन्ही हात दुर्बिणीवर स्थिर होते, थरथर नव्हती.

"म्हातारा नर," तो मोठ्याने, स्पष्ट म्हणाला. "वयात बसतो. चूक नाही."

"काय?" आफ्रा म्हणाली. "बाबा, तोंडातली ती डहाळी काढ आधी. काय बोलतोयस, काही कळत नाही."